दगडखाणीतून पाठवलेले तीन निरोप

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यातून तडा गेला आहे, पाठीवर ओरखडे आहेत आणि चार्जिंगची वायर जरा तिरकी धरली तरच मला वीज मिळते. माझ्यानंतर कंपनीने इतके नवे मोबाईल काढले की माझे नाव घेतल्यावर दुकानदारही डोके खाजवतो. पण एका बाबतीत मी अजूनही कुणापुढे मान खाली घालणार नाही. मी कुठे आहे, हे मला अगदी बरोबर कळते. याच गुणासाठी मला निवडले होते. ती निवड कशी झाली आणि पुढे काय झाले, ते तुम्हांला सांगणार आहे. गोष्ट सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी एका मोठ्या कारखान्यात तयार झालो. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे पोट भरले आणि माझ्यासारख्याच शेकडो भावंडांबरोबर मला खोक्यात झोपवले. जागा ओळखायची विद्या मला तिथेच मिळाली. आकाशात फार उंचावर उपग्रह फिरत असतात आणि ते सतत आपापली वेळ सांगत असतात. मी ती ऐकतो आणि त्यावरून माझी जागा काढतो. साधे मोबाईल हे एकाच लहरीवर ऐकतात, मी दोन लहरींवर ऐकतो, त्यामुळे इमारतींवर आपटून येणाऱ्या खोट्या आवाजांनी मी सहसा फसत नाही. मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हे सगळे फक्त ऐकणे असते. मी कुठे आहे ते मला कळते, उपग्रहांना कळत नाही आणि दुसऱ्या कुणालाही कळत नाही. ते कळवायचे तर मला माणसांच्या टॉवरची रेंज लागते.

दुकानाच्या काचेआड बरेच दिवस धूळ खाल्ल्यावर एके दिवशी एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी आली. गृहस्थ चष्म्याच्या काचा घासून द्यायचे काम करत. सगळा दिवस केसाएवढ्या फरकाशी झटापट करणारा माणूस, त्यामुळे त्यांना 'साधारण' हा शब्दच खपत नसे. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. बारीकसारीक काहीही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून ते तिला भिंगू म्हणत. ती त्यांना बाबा म्हणे. पुढे मीही मनातल्या मनात बाबाच म्हणू लागलो.

या बापलेकीला जिओकॅशिंगचा नाद होता. हा लपाछपीचा खेळ आहे. कुणीतरी एखादा लहानसा डबा मोकळ्या जागी लपवतो, आत नाव लिहायला कागदाची गुंडाळी ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी ते आकडे घेऊन डबा शोधायचा, कागदावर नाव लिहायचे आणि डबा होता तिथे ठेवायचा. सगळ्यात आधी ज्याचे नाव लागेल त्याचा मान मोठा. म्हणून लपवणारा माणूस आकडे जाहीर करेपर्यंत घरातसुद्धा तोंड उघडत नाही. हा नियम लिहिलेला कुठेच नाही, पण सगळे पाळतात.

बाबांचा आधीचा मोबाईल त्यांना दरवेळी भलत्याच झुडपापाशी नेत असे. शेवटच्या खेपेला दोघांनी डबा समजून मुंग्यांचे वारूळ उकरले होते. हात सुजवून घेतल्यावर नवा मोबाईल घ्यायचे ठरले.

दुकानदाराने आधी एक चकचकीत मोबाईल पुढे केला.

"याचा कॅमेरा बघा साहेब. चेहरा असा उजळ येतो!"

"माझा चेहरा कसा आहे ते मला माहीत आहे हो," बाबा म्हणाले. "मी उभा कुठे आहे, ते हा सांगतो का?"

मग त्यांनी तीन मोबाईल रस्त्यावर न्यायची परवानगी मागितली. दुकानदाराने नोकराला सोबत पाठवले, कारण गिऱ्हाईक मोबाईल घेऊन पसार झाले तर काय घ्या! भिंगूने आम्हा तिघांना एका पुठ्ठ्यावर ठेवले आणि चौकोनी गल्लीला फेरी मारून ती निघाली तिथेच परत आली. मग बापलेक पडद्यांवर उमटलेल्या रेघा पाहू लागली. एका मोबाईलच्या मते ती औषधाच्या दुकानाची भिंत फोडून पलीकडे गेली होती. दुसऱ्याने तिला रस्त्याच्या मधोमध चालवले होते. माझी रेघ फुटपाथवरूनच गेली होती आणि निघाली त्याच टोकाला येऊन मिळाली होती.

"हाच!" भिंगू म्हणाली. बाबांनी मान डोलावली.

दुकानदार माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतःहून सांगितले, "एक सांगू का? हा जागा छान दाखवतो, पण रेंज कमी पकडतो. लिफ्टमध्ये, तळघरात कॉल लागत नाही. तक्रारी आल्यात."

"आम्हांला कुठे याच्यावर गप्पा मारायच्यात?" बाबा हसून म्हणाले. भिंगूही हसली. मीही तेव्हा खूश झालो होतो, मित्रांनो. आपल्याला कुणीतरी पारखून घेतले, याचा आनंद वेगळाच असतो.

पुढची काही वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे होती. सुट्टीच्या दिवशी आम्ही पडक्या भिंती, पुलांचे खांब आणि ओसाड बागा पालथ्या घालत असू. घरी भिंगूची आई पडदे शिवून द्यायचे काम करायची. या खेळात तिला काडीचा रस नव्हता. मुलगी आणि नवरा चिखलाने माखून आले की मशीन थांबवून म्हणायची, "आणलात का खजिना? नाही ना? मग बादली भरून ठेवलीय, कपडे त्यात टाका." पण डबा सापडला की बाबांनी काढलेले फोटो मला हातात घेऊन सगळ्यांत आधी तीच पाहायची.

एखाद्या जागेचे आकडे घ्यायचे असले की बाबा मला उघड्या आकाशाखाली दगडावर आडवे ठेवत आणि स्वतः दोन पावले मागे सरत. आपले अंग आड आले की उपग्रहांचे ऐकायला अडचण होते, हे त्यांना माहीत होते. भिंगू घाई करू लागली की म्हणत, "थांब, त्याला बसू दे." माझा हलणारा ठिपका एका जागी स्थिर होईपर्यंत दोघे माझ्याकडे पाहत मागेच उभे राहत. मला ते फार आवडायचे. माझ्या शब्दाला एवढी किंमत देणारी माणसे मला पुन्हा भेटली नाहीत.

शोधण्यात आता भिंगू बापाच्या पुढे गेली होती. बाबांनी लपवलेला डबा तर ती आकडे जाहीर व्हायच्या आधीच हुडकून काढायची. बुटाला लागलेली माती, खिशातले बसचे तिकीट, बाहीला चिकटलेले कुसळ, एवढ्यावरून तिला जागेचा अंदाज यायचा. बाबा कौतुकाने चिडायचे. एका थंडीत त्यांनी ठरवले की या वेळी पोरीला पुरते चकवायचे. डब्यात तिच्यासाठी स्वतः घासलेले एक छोटे भिंग ठेवले होते. ती पहिली यावी, पण खरोखर आकडे घेऊन, शोधून यावी, अशी त्यांची इच्छा होती.

त्या सकाळी त्यांनी जुने रबरी बूट घातले आणि दाराशी उभे राहून, भिंगूला ऐकू जाईल असे बायकोला विचारले, "नदीला पाणी किती असेल गं हल्ली?" मग ते नदीकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. मला पुढे कळले, की आईने खिडकीतून पाहिले आणि आत वळून म्हणाली, "नदीची बस घेतलीय. जा, शोध आता." दोघी हसल्या असतील. मी तेव्हा बाबांच्या खिशात होतो आणि बाबाही हसत होते.

नदीकाठच्या थांब्यावर उतरून बाबा उलटे वळले. टेकडीच्या मागच्या अंगाने पायवाट जाते, ती त्यांनी धरली. टेकडी ओलांडताच माझी रेंज गेली. पलीकडे बंद पडलेली दगडखाण होती, उभे कडे कापून काढलेल्या खड्ड्यासारखी. कड्याच्या मध्यावर एक अरुंद टप्पा होता. तिथल्या कपारीत बाबांनी डबा बसवला आणि वर दगड लावला. तो अजून तिथेच असेल. मग नेहमीप्रमाणे त्यांनी मला शेजारच्या दगडावर आडवे ठेवले आणि माझ्याकडे पाहत दोन पावले मागे सरले.

दुसऱ्या पावलाखाली भुसभुशीत खडी होती. ती सरकली. त्यांनी पुढे झेप घेऊन दगड पकडायला हात टाकला, तो माझ्यावर आला आणि आम्ही दोघे खाली खाणीच्या तळाशी गेलो. माझ्या काचेला तडा गेला. बाबांच्या मांडीचे हाड मोडले होते. पाय भलत्याच दिशेला वळलेला मला दिसत होता आणि त्यांनाही दिसत होता.

बाबांनी आधी घरी फोन लावला. मग पोलिसांना, मग कामाच्या ठिकाणी, मग पुन्हा घरी. रेंजच्या जागी फुली होती. मी जिवाचा आटापिटा करून टॉवर शोधत होतो, पण माझे कान त्यासाठी घडवलेलेच नव्हते. वर आकाश मोकळे होते आणि उपग्रह स्वच्छ ऐकू येत होते. आम्ही कुठे पडलो आहोत, ते मला हातभराच्या फरकाने ठाऊक होते. त्या ज्ञानाची मला तेव्हा शिसारी आली.

बाबांनी ओरडून पाहिले. खाणीने त्यांचाच आवाज त्यांना परत दिला. शेवटी त्यांनी भिंगूला निरोप लिहिला. 'भिंगू, मी टेकडीमागच्या दगडखाणीत पडलोय. पाय मोडलाय. नदीकडे नाही. आईला सांग.' खाली माझ्याकडून घेतलेले आकडे टाकले. आकडे तंतोतंत होते. निरोपाशेजारी घड्याळाचे चिन्ह उमटले, म्हणजे तो माझ्यापाशीच अडकला होता.

अंधार पडायला लागल्यावर त्यांनी दुसरा निरोप लिहिला. 'फार थंडी आहे. रेंज आली की फोन करतो. काळजी करू नका.' तोही अडकला. माझी बॅटरी वाचावी म्हणून ते मला बंद करत आणि थोड्या वेळाने आशेने चालू करत. मला हात वर धरून उंच करत, शर्टाने काच पुसत. एकदाही त्यांनी मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी उन्हे डोक्यावर आली तेव्हा ते बराच वेळ काही न करता पडून होते. मग अचानक काहीतरी लक्षात आल्यासारखे त्यांनी मला जवळ ओढले. त्यांना एकेक अक्षर लिहायला फार वेळ लागत होता. 'तू सगळ्यांना नदीकडे नेलं असशील. खुणा बरोबर वाचल्यास. मीच खोट्या ठेवल्या होत्या. तुझं काही चुकलं नाही पोरी.' त्यांनी पाठवायचे बटण दाबले. घड्याळाचे चिन्ह उमटले आणि माझी बॅटरी संपली.

बॅटरी संपली म्हणजे आम्ही मरतो असे नाही, मित्रांनो. आमचे फक्त तोंड बंद होते. बाबांचा श्वास मी संध्याकाळपर्यंत ऐकत होतो. नंतर तो ऐकू आला नाही.

तिसऱ्या दिवशी राडारोडा टाकायला आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला ते दिसले. तो धावत काठावर आला आणि तिथूनच त्याने पोलिसांना फोन केला. हवालदार दोर बांधून तळाशी उतरला. बाबांना पाहून त्याने टोपी काढली आणि खिशातून मोबाईल काढून साहेबांना फोन लावला. तळाशी उभा राहून, मित्रांनो! त्याला पुरती एक काडीही रेंज नव्हती. आवाज तुटत होता, पण फोन लागला. मी तिथेच चिखलात पडलो होतो आणि ऐकत होतो.

नंतरचे मला लोकांच्या बोलण्यातून कळले. आईने पहिल्याच संध्याकाळी पोलीस चौकी गाठली होती. तिथे हवालदाराने विचारले, "कुठं गेले असतील, काही अंदाज?" आणि भिंगू म्हणाली होती, "नदीकडेच. मला नक्की माहीत आहे." माझी शेवटची रेंजही नदीकाठच्या टॉवरची निघाली, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. दोन दिवस माणसे बांबू घेऊन काठ धुंडाळत होती, होडीतून गळ टाकत होती. भिंगू सगळ्यांच्या पुढे होती. पुढे दवाखान्याच्या वऱ्हांड्यात डॉक्टर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते, "आदल्या दिवशी सापडले असते तर वाचले असते." भिंगू खांबाच्या पलीकडे उभी होती. डॉक्टरांना ती दिसली नाही.

अपघात म्हणून नोंद झाली. मला उघडून पाहायची कुणाला गरज वाटली नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला आईच्या हातात दिले. तिने मला बाबांच्या रुमालात गुंडाळले आणि कपाटात, वापरात नसलेल्या पडद्यांच्या कापडाखाली ठेवले. तिला मी डोळ्यांसमोर नको होतो. तिचा राग मला समजत होता.

कपाटाच्या दाराला फट होती. तिच्यातून मला घरातले ऐकू यायचे. मशीनचा आवाज यायचा, भांड्यांचा यायचा, पण भिंगूचा आवाज जवळजवळ येईनासा झाला. मैत्रिणी दारात येऊन परत जात. "पोरीनं बापाचा घोर घेतलाय," लोक आईला सांगत आणि आई हुंकार देई. घोर होता हे खरेच. पण त्याच्या तळाशी नदी होती, हे मला कळत होते. झोपेत ती एकदा स्पष्ट म्हणाली, "नाही, नाही, नदीकडे नको." आणि तिच्या नावाचे तीन निरोप माझ्या पोटात होते. फक्त थोडी वीज हवी होती. मी असा तडफडलो की काय सांगू! पण कपाटातल्या मोबाईलच्या तडफडण्याने एक कापडसुद्धा हलत नाही.

थंडी सरून उन्हाळा आला. एके दुपारी भिंगूची मावशी आली. तिचा मोबाईल पाण्यात पडून बंद झाला होता. बोलता बोलता आई उठली, तिने कपाट उघडले आणि मला रुमालासकट बाहेर काढले.

"हा घेऊन जा. नुसता पडून आहे."

मावशी एकदम मागे सरली. "अगं, त्यांचा फोन... बरं. पण आधी त्यातलं सगळं पुसून दे बाई. चुकून काही दिसलं तर मला सहन नाही व्हायचं."

"भिंगूला येतं ते. भिंगू, हा चार्जिंगला लाव आणि सगळं पुसून टाक."

भिंगूने मला घेतले. तिचे हात गार होते. आतल्या खोलीत खिडकीशी बसून तिने वायर लावली, तिरकी धरली, आणि इतक्या दिवसांनी माझ्या अंगात वीज आली. मी जागा झालो. तिने कुठेही न पाहता सरळ सेटिंग उघडली. फोटो पाहिले नाहीत, काही नाही. दात दुखत असला की माणूस जसा डोळे मिटून एकदाचा तो उपटून घेतो, तसे तिचे चालले होते. पडद्यावर प्रश्न आला, 'सर्व माहिती कायमची पुसायची का?'

मित्रांनो, त्या क्षणी मला घरातले इंटरनेट ओळखू आले. मी जीव खाऊन पहिला निरोप ढकलला. मग दुसरा, मग तिसरा. बाहेरच्या खोलीत तिचा मोबाईल वाजला.

"भिंगू, तुझा फोन वाजतोय गं," आईने हाक मारली.

"वाजू दे."

तिचा अंगठा माझ्या पडद्यावर टेकायला आला होता. बाहेर मोबाईल पुन्हा वाजला, आणि पुन्हा. मग मशीन थांबले. मग मावशी काहीतरी बोलायला लागली आणि मध्येच गप्प झाली. आई दारात आली. भिंगूचा मोबाईल तिने दोन्ही हातांत, अंगापासून लांब धरला होता.

"भिंगू," ती म्हणाली, "यांचं नाव येतंय."

भिंगूने मला गादीवर ठेवले आणि आपला मोबाईल घेतला. तिने पहिला निरोप वाचला, दुसरा वाचला. तिसरा वाचताना ती खाली बसली. मग तिने तो तसाच आईपुढे धरला. आईने वाचायला वेळ घेतला, आणि वाचून झाल्यावरही ती अक्षरांकडे पाहत राहिली.

"आई, मी सांगितलं होतं चौकीत. नदीकडे म्हणून. मीच सांगितलं होतं," भिंगू म्हणाली. एवढे शब्द तिने कित्येक दिवसांत एका दमात उच्चारले नव्हते.

"आणि तुला कुणी सांगितलं होतं?" आई म्हणाली. "नदीची बस घेतली म्हणून तुला मीच सांगितलं ना? खिडकीतून मी बघितलं होतं. रोज रात्री मला तीच बस दिसते गं. तू माझ्याशी बोलत नाहीस, तेव्हा मला वाटायचं, तुझा राग माझ्यावर आहे."

भिंगू रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी. आई तिच्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिचे डोके तिने मांडीवर ओढून घेतले. मावशी दाराबाहेरच उभी राहिली, आत आली नाही. बाबांच्या तिन्ही निरोपांपुढे 'वाचले' अशी खूण माझ्या पडद्यावर उमटली.

मला कुणी पुसले नाही. मावशीने दुसरा मोबाईल घेतला. भिंगू आता जेवते, आईशी भांडते, मैत्रिणी आल्या की दार उघडते. टेकडीकडे मात्र ती गेलेली नाही आणि जाईल असे मला वाटत नाही. कधी कधी ती मला चार्जिंगला लावते, तिसरा निरोप उघडते आणि बंद करते. बाबा काही त्याने परत आले नाहीत. निरोप वेळेवर पोहोचला असता तर ते आज काचा घासत असते.

मित्रांनो, तुम्हांला मोबाईल घ्यायचा असेल तर जागा अचूक दाखवणारा जरूर घ्या. पण आपण कुठे आहोत हे आपल्यालाच कळून भागत नाही, म्हणून त्याला रेंज किती आहे तेही एकदा विचारा. डबे लपवा, शोधा, एकमेकांना खुशाल चकवा. फक्त घरातल्या एका माणसाच्या कानात खरे ठिकाण सांगून निघा, खेळाची थोडी मजा गेली तरी चालेल. आणि तुमच्या घरातले एखादे माणूस गेले, तर त्याचा मोबाईल पाहवत नाही म्हणून लगेच पुसून टाकू नका. एकदा चार्जिंगला लावा आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. कुणास ठाऊक, त्याला तुम्हांला काही सांगायचे राहून गेले असेल.